पाच चांदण्यांची शिडी

१४ जून

मावशी,

नमस्कार. तुझी खुशाली विचारत नाही, कारण तू ती सरळ सांगत नाहीस. गुडघा दुखत असला की लिहितेस, हवा छान आहे. हवा खरोखरच छान असली की गुडघ्याचं रडगाणं. मी आपली उलटंपालटं करून वाचते.

शाळा सुरू झाली आणि मला एक नवा तास चिकटला. शनिवारचा शेवटचा, वर्ग आठवी. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचा 'जाहिरातीचा तास' करून टाकला. त्याचं कारण असं की मुख्याध्यापिकाबाईंनी सुट्टीत जाहिरात बघून फळा पुसायचं यंत्र मागवलं. ते फळा सोडून आजूबाजूची भिंत पुसतं. तेव्हा बाईंना वाटलं, आपण फसलो ते फसलो, निदान मुलांना तरी जाहिरात वाचायला शिकवावं.

पहिल्या तासाला मी प्रत्येकाला घरातलं एक वेष्टण आणायला सांगितलं होतं. एकाने टूथपेस्टचं खोकं आणलं. त्यावर छापलेलं, दहापैकी नऊ दंतवैद्यांची पसंती. वर्गात एक मुलगी आहे, उलटतपासणी केल्याशिवाय खाली बसत नाही, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणतात. ती उठली आणि म्हणाली, दहावा काय म्हणाला ते का नाही छापलं? तो दहावा दंतवैद्य मग तास संपेपर्यंत वर्गात बसून होता म्हण ना.

तुझ्या भाजी चिरायच्या यंत्राचंही उदाहरण दिलं. नाव नाही घेतलं, 'माझ्या ओळखीच्या एक बाई' एवढंच. त्या बाई आता त्या यंत्राचं काय करतात, असं मुलांनी विचारलं. मी सांगितलं, दाराला टेकण म्हणून लावतात.

पुढच्या वेळी गिऱ्हाइकांचे अभिप्राय घ्यायचे आहेत. ज्याच्या भरवशावर घरात काहीतरी विकत घेतलं गेलं, असा एक अभिप्राय प्रत्येकाने छापून आणायचा. तुझ्याकडे एखादा असला तर पाठव.

तुझी भाची


२२ जून

टीपकागदा,

लहानपणी कानावर पडेल ते टिपून घ्यायचीस आणि पाहुण्यांसमोर उमटवायचीस, म्हणून हे नाव ठेवलं होतं. पस्तिशी उलटली तरी शोभतंय. माझं टेकण आता आठवीच्या वर्गात पोचलं.

मुलांना शंका घ्यायला शिकवतेस ते ठीक, पण त्याचा पहिला प्रयोग ती तुझ्या प्रश्नपत्रिकेवर करतील. 'योग्य पर्याय निवडा' असं लिहिशील आणि ती विचारतील, योग्य कुणासाठी?

पत्रात 'फोनवर बोलत जा' असं लिहिलं नाहीस, तरी मनात होतं हे मला कळलं. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली. कुणाचं ठरलं, कुणाचं फिसकटलं, कोण कुणाला 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणून टाळतंय, सगळं या कानांतून गेलं. आता त्यांना सुट्टी आहे. कानाशप्पथ सांगते, फोन वाजला की अजून हात आपोआप तारेकडे जातो.

मी मजेत आहे. हवा छान आहे. हल्ली घरबसल्या थोडं लिखाणकाम मिळालंय, खालच्या मजल्यावरच्या ब्यूटी पार्लरवालीच्या ओळखीने. लोकांना खरेदीत मार्गदर्शन होईल असं काहीतरी असतं. फार खोलात शिरू नकोस.

आणि ते अभिप्रायांचं प्रकरण वगळलंस तर बरं. कंपन्यांच्या जाहिराती फाड हवं तर, ते त्याचसाठी पगार घेतात. पण अभिप्राय लिहिणारी साधी माणसं असतात बिचारी, हातातलं काम टाकून दुसऱ्याच्या उपयोगी पडतात. त्यांना पोरांच्या तोंडी देऊ नये.

मावशी


६ जुलै

मावशी,

तुझा सल्ला मिळाला आणि नेहमीप्रमाणे मी तो मानला नाही. काहींनी दोन-दोन आणल्यामुळे एकूण बेचाळीस अभिप्राय जमले. आम्ही बाकांवर पसरून त्यांचे ढीग केले: खरे वाटणारे, खोटे वाटणारे आणि 'बाई, सांगता येत नाही' वाले. तिसरा ढीग सगळ्यांत मोठा झाला, आणि मला त्याचाच आनंद झाला.

एक मात्र सगळ्यांनी एकमुखाने खऱ्यांत टाकला. इतका आवडला की फळ्याशेजारी चिकटवलाय. वकीलबाईने आणलेला. तिच्या आजोबांचं बाइंडिंगचं दुकान आहे, त्यांनी तो वाचून दुकानासाठी घडीची शिडी घेतली. जसाच्या तसा उतरवून देते:

'आमच्या ह्यांचं वजन विचारू नका. पण हे सगळ्यांत वरच्या पायरीवर उभे राहून पंखा पुसतात आणि मी खाली बसून निवांत चहा पिते, यातच सगळं आलं. कानाशप्पथ सांगते, शिडी जागची हलत नाही. रंग मात्र फोटोपेक्षा जरा फिका निघाला. बाकी उत्तम. पाच चांदण्या.'

मुलांनी विचारलं, बाई, 'कानाशप्पथ' कुठे म्हणतात? आमच्याकडे तर कुणी म्हणत नाही. मी म्हटलं, मला माहीत असलेली एकच जागा आहे. तिसरा मजला, जिन्याला लागून डावीकडचं दार.

म्हटलं नाही. मनात म्हटलं. वर्गात फक्त खोकले.

तेव्हा आता तूच सांग, मला न कळवता लग्न कधी केलंस? आणि केलंस ते केलंस, इतका जड नवरा केलास तर निदान त्याला पंख्यावर तरी चढवू नये.

वकीलबाईचे आजोबा सध्या घरीच असतात. बाकी काही विशेष नाही.

तुझी भाची


१२ जुलै

टीपकागदा,

तू मास्तरीण झालीस आणि हवालदारही. 'कानाशप्पथ' हा शब्द काय मी विकत घेऊन ठेवलाय? एक्स्चेंजमध्ये आम्ही सोळाजणी होतो, सोळाहीजणी तसंच म्हणायचो. त्यांतली एखादी लिहीत असेल. ती दुसऱ्या बोर्डावरची, नंतर लग्न करून गेलेली, तिचा नवरा चांगला भरभक्कम होता. तिचंच असणार. तरी मी सांगत होते, अभिप्रायांच्या नादी लागू नकोस.

मावशी

१३ जुलै

वरचं पत्र पेटीत टाकायला तीन जिने उतरले, आणि न टाकता परत चढून आले. चढताना काय झालं ते गुडघा सांगेल.

शिडीचं मीच लिहिलंय. बस?

दर सोमवारी मोबाईलवर यादी येते. वस्तूचं नाव, रंग, किती चांदण्या, किती ओळी. वस्तू मी पाहिलेली नसते. काम वाटणारी बाई मला म्हणाली, इतरांचं वाचलं की जाहिरात वाटते, तुमचं वाचलं की शेजारीण बोलतेय असं वाटतं. तुला सांगायला हरकत नाही, मला ते आवडलं.

तुझ्या मुलांना फसायला झालं त्यात त्यांचा दोष नाही. मी वस्तूबद्दल बोलतच नाही, माणसाबद्दल बोलते. आधी एक नवरा नाहीतर सासू उभी करायची, तिला एक खोड लावून द्यायची. मग वस्तूत अगदी बारीकसं उणं काढायचं, रंग फिका आहे, खोकं चेपलेलं आलं. ज्याने उणं काढलं तो खोटं कशाला बोलेल, असं वाचणाऱ्याला वाटतं आणि तो गुणही गिळतो. रंग फिका निघाल्याने कुणी शिडी घ्यायचं थांबत नाही.

माझी माणसं आता बरीच झालीत. एक जुळ्यांचा बाप आहे, तो नेहमी घाईत लिहितो. एक आगबोटीचा निवृत्त कप्तान आहे, त्याला घरातली प्रत्येक वस्तू डुलते का ते तपासायचं असतं. एक नवी सून आहे, ती अजून सासूला घाबरते, पण मागच्या सोमवारी मिक्सरच्या निमित्ताने पहिल्यांदा उलटून बोलली. हसू नकोस. एक्स्चेंजमध्ये दिवसाला हजारभर आवाज भेटायचे. मग एका संध्याकाळी सत्कार झाला, हार घातला, आणि दुसऱ्या दिवसापासून एकही नाही. ही माणसं आली आणि घरात वावर झाला.

एक सांग. वकीलबाईच्या आजोबांना आवडली का शिडी? माझं वाचून खरोखरच्या माणसाने काहीतरी घेतलं, असं मला पहिल्यांदाच कळलंय. दुकानात उपयोग होत असेल ना?

मावशी


२१ जुलै

मावशी,

तुझं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. जुळ्यांच्या बापापर्यंत हसले. नवी सून उलटून बोलली तिथे तर स्टाफरूममध्ये मोठ्याने हसले आणि गणिताच्या सरांनी वर बघितलं. मग तुझा शेवटचा प्रश्न आला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की आजोबा सध्या घरीच असतात. पुढचं मुद्दाम लिहिलं नव्हतं. ते शिडीवरून पडले. मे महिन्यात, दुकानात, वरच्या फळीवरचे पुठ्ठे काढताना. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. हात प्लास्टरमध्ये आहे. बाइंडरचा उजवा हात.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. आजोबा पहिल्या दिवसापासून सांगतायत की माझा पाय घसरला नाही, शिडीच खचली. घरात कुणाचा विश्वास नाही. वकीलबाईच्या वडिलांनी मोबाईलवर शिडीच्या जाहिरातीखालचे सगळे अभिप्राय काढून वाचून दाखवले, त्यात तुझा सगळ्यांत वर. म्हणाले, इतक्या लोकांची हलत नाही, एवढ्या वजनाचा माणूस वर चढून पंखा पुसतो, मग तुमचीच कशी खचली? वय झालंय ते मान्य करा. दुकानाची किल्ली त्यांनी काढून घेतलीय. दुकान बंद करून जागा सोडायची बोलणी चालू आहेत. आजोबा हल्ली वादच घालत नाहीत.

वकीलबाईने तो कागद वर्गात आणला तो खरा अभिप्राय म्हणून नाही, पुरावा म्हणून आणला. तास संपल्यावर मागे थांबून तिने मला विचारलं, बाई, हे खरं असेल तर आजोबा खोटं बोलतायत ना? आणि वर्गाने तर तो खऱ्यांत टाकला.

मी तिला म्हटलं, मला थोडा वेळ दे.

तुझं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुला रागवायला हे लिहीत नाहीये, तेवढी माझी हिंमतही नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

तुझी भाची


१६ ऑगस्ट

मावशी,

साडेतीन आठवडे झाले. रागावली असशील तर रागावले म्हणून लिही. मी तेही उलटं करून वाचीन.

पार्लरवालीला फोन केला होता. ती म्हणाली, बाई ठणठणीत आहेत, परवा त्यांच्याकडे मोठं खोकं आलं. एवढं मोठं खोकं कशाचं?

गुडघ्याला जप.

तुझी भाची


२४ ऑगस्ट

टीपकागदा,

खोकं शिडीचं होतं.

तुझं पत्र वाचलं आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगते, लपवत नाही. आला तो असा की म्हाताऱ्याचा पायच घसरला असेल. दोन दिवस त्यावर काढले. मग वाटलं, आपण शिडी बघितलेलीसुद्धा नाही, पाय घसरला हे कुठल्या तोंडाने म्हणतोय? म्हणून मागवली. यायला बारा दिवस लागले.

पार्लरवालीला वर बोलावलं, ती शिडी धरून उभी राहिली. मी दोन पायऱ्या चढले. गुडघ्यावरून ओरडू नकोस, दोनच चढले आणि खाली गादी घातली होती. मधोमध एक खिट्टी आहे, शिडी उघडली की ती भोकात बसते आणि दोन्ही बाजू धरून ठेवते. ती बसल्यासारखी वाटते, पण बसत नाही. दुसऱ्या पायरीवर मी जरा डावीकडे वळले आणि ती सटकली. शिडी दोन्हीकडे फाकली. पार्लरवालीने मला कमरेला धरलं नसतं तर हे पत्र तुला तिने लिहिलं असतं, आणि तिचं शुद्धलेखन तुला सोसलं नसतं.

त्याच दिवशी मी खरा अभिप्राय लिहिला, स्वतःच्या नावाने. एक चांदणी, तीही एक दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत म्हणून. दुसऱ्या दिवशी तो तिथून गायब. काम वाटणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, मावशी, तुम्ही आपल्याच गिऱ्हाइकावर कशाला लिहिता? मी म्हटलं, मी शिडीवर लिहिलं. सोमवारपासून यादी बंद झाली. तिने बंद केली की मी, हे दोघींनाही नीट सांगता येणार नाही. घरात सामसूम आहे.

सोबत बाइंडरबुवांसाठी पत्र जोडलंय. आधी वर्गात वाच, मग वकीलबाईच्या हातात दे. माझं नाव झाकू नकोस.

मावशी

(सोबतचं पत्र)

बाइंडरबुवांना नमस्कार.

तुम्ही ज्या अभिप्रायावर विसंबून शिडी घेतलीत तो मी लिहिला. मी ती शिडी तेव्हा पाहिली नव्हती. मला नवरा नाही. पंखा मी काठीला फडकं बांधून पुसते. आता शिडी मागवून चढून पाहिली. मधली खिट्टी भोकात पुरती बसत नाही आणि वजन एका बाजूला गेलं की सटकते. तुमचा पाय घसरला नसणार. तुमच्या घरच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि तुमच्यावर ठेवला नाही, याला कारण मी आहे. हाताचं मला भरून देता येत नाही. हे पत्र हवं त्याला दाखवा.


९ सप्टेंबर

मावशी,

शनिवारी वाचलं. आधी तुझं मला आलेलं पत्र, मग आजोबांना लिहिलेलं. पंखा आणि फडक्यापाशी दोघं-तिघं हसले.

मला वाटलं होतं, वकीलबाईला रडू येईल. ती उभी राहिली. म्हणाली, "पण बाई, हे पत्र तरी खरं कशावरून? ज्यांनी नसलेला नवरा पंख्यापर्यंत चढवला, त्यांना पश्चात्ताप रचायला कितीसा वेळ लागतो?"

मावशी, मी तुझी भाची आहे, पण त्या क्षणी माझी छाती फुगली. ही माझी विद्यार्थिनी.

मग काय करायचं यावर अर्धा तास वादावादी झाली. शेवटी ठरलं की शिडी बघायची. पुढच्या शनिवारी ती दुकानातून शिडी घेऊन आली. माणूस चढवायचा नाही, हेही तिनेच ठरवलं. शिपाईमामांनी जुन्या उत्तरपत्रिका पोत्यात भरल्या, ते पोतं दुसऱ्या पायरीवर ठेवायचं आणि एका बाजूला ढकलायचं. दहा वेळा केलं. चार वेळा खिट्टी सटकली. एकदा पोतं फुटून मागच्या वर्षीचे भोपळे वर्गभर पसरले, ते गोळा करताना जरा जास्तच आनंद झाला मुलांना. निकाल फळ्यावर लिहिला: दहापैकी चार. खाली वकीलबाईने स्वतः जोडलं, उरलेल्या सहा वेळा काय झालं तेही लिहा.

आजोबांना लिहिलेलं तुझं पत्र तिने त्या प्रयोगाच्या दिवशी घरी जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सोमवारी तिने मला जे सांगितलं ते असं. वडिलांनी पत्र मागून घेऊन पुन्हा एकदा वाचलं. आई म्हणाली, आता पोळी थंड होतेय. आजोबांनी डाव्या हातातला चमचा ताटात ठेवला. मग म्हणाले, "शिडीचं राहू दे. मी तीन महिने सांगत होतो. तुम्ही त्या लिहिणारीचं ऐकलंत, माझं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली त्यांच्या चहाच्या कपाशेजारी होती.

आता माझी विनंती. खोटं कसं लिहितात हे माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं. एक दिवस येऊन मुलांना शिकव. तिकीट मी काढते. चढायला इथे फक्त चार पायऱ्या आहेत.

तुझी भाची


३० सप्टेंबर

टीपकागदा,

सुखरूप पोचले. गुडघा दुखतोय. याचा अर्थ काय तो तू लावशीलच.

तुझ्या वर्गात शिरताना मला किती धडधडत होतं ते तुला दिसलं नसावं, कारण तू स्वतःच माझ्यापेक्षा पांढरी पडली होतीस. चौतीस वर्षं मी बोलले ती न दिसणाऱ्या लोकांशी. इथे सदतीस तोंडं, आणि सगळ्यांना माझं सगळं माहीत. मी तुझी भोक पडलेली छत्री टेबलावर ठेवली आणि म्हटलं, हिला पाच चांदण्या मिळवून द्या. वीस मिनिटांत सदतीस खोटारडे तयार. त्या पुढच्या बाकावरच्या शांत मुलाने लिहिलं, 'छत्रीतून आकाश दिसतं, आजी खूश आहे.' मला त्याची काळजी वाटते. त्याच्याकडे गुण आहेत.

मग एकमेकांचे कागद घेऊन त्यांनी खोटं हुडकलं ते तू पाहिलंसच. कुणी मला विचारलं, सगळ्यांत अवघड काय लिहिलंत? मी सांगितलं, एका चांदणीचं. नऊ वेळा खोडलं. खऱ्याला नवरा लागत नाही, सासू लागत नाही, मग लिहायचं काय तेच सुचत नाही.

तू ऑफिसात गेलीस तेव्हा नातीबरोबर येऊन मागच्या बाकावर बसलेले बाइंडरबुवा माझ्याजवळ आले. मी गाडीत पाठ करून आणलेलं सगळं विसरले. त्यांनी हात पुढे केला, उजवाच. प्लास्टर निघालंय, पण बोटं मिटत नाहीत. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, ते पत्रात आलंय, परत नको. मला वाटलं, झालं, इथेच संपलं. तर विचारतात कसे, तुमच्या कप्तानाचं पुढे काय झालं? तुझ्याकडून ऐकून नातीने त्यांना त्याच्याबद्दल सांगितलं होतं. मी म्हटलं, तो आता लिहीत नाही. ते म्हणाले, त्याला बसवून ठेवू नका, माणूस वाया जातो.

मग हाताचं सांगितलं. जाड पुस्तकं सहा महिने तरी शिवता येणार नाहीत. दुकान बंद झालं अशी बोलवा झालीय, गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मी म्हटलं, दारावर लावायला एक पत्रक लिहून देते, एवढंच मला येतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, लिहा, पण आधी नातीला दाखवायचं.

पत्रक सोबत आहे. साधंच लिहिलंय. 'शहरातील सर्वोत्तम पुस्तकबांधणी. जलद, सुबक आणि टिकाऊ. चाळीस वर्षांचा अतूट विश्वास. एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल. पुस्तकं बांधून मिळतील.' वकीलबाईला दे. फारसं खोडायला काही सापडणार नाही तिला.

मावशी


१४ ऑक्टोबर

मावशी,

फारसं काही सापडलं नाही म्हणतेस?

तिने तुझं पत्रक वर्गात आणलं आणि आम्ही एक पूर्ण तास त्यावर घालवला. 'सर्वोत्तम' कुणी ठरवलं? शहरात बाइंडर किती आहेत ते मोजलं, तीन निघाले. त्यांतला एक आता बॅगांच्या चेन बसवतो. खोडलं. 'जलद'ला तर चर्चाच झाली नाही. 'सुबक' आणि 'टिकाऊ' या दोन शब्दांसाठी मी थोडी भांडले, तेव्हा वकीलबाई म्हणाली, बाई, तुम्ही नात्यात आहात, तुम्ही मत देऊ नका. चाळीस वर्षांच्या विश्वासाचं तिने आजोबांनाच विचारलं. ते म्हणाले, चाळीस वर्षं धंद्याची आहेत, विश्वासाचं ज्याचं त्याला विचारा. 'पुन्हा पुन्हा याल' यावर त्या शांत मुलाने हात वर केला आणि म्हणाला, पुस्तक नीट बांधलं तर पुन्हा कशाला येईल? त्याच्याबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे.

तुझे तीन शब्द राहिले, अगदी शेवटचे. बाकीचं आजोबांनी सांगितलं आणि तिने लिहिलं. दुकानाच्या दारावर, वाचनालयात आणि आमच्या फलकावर लावलंय:

'पुस्तकं बांधून मिळतील. सध्या उजवा हात पूर्ण चालत नाही, वेळ लागेल. जाड पुस्तकं तीन महिन्यांनी आणावीत.'

तीन महिने की सहा यावरून आजोबा आणि नात यांच्यात दोन दिवस अबोला होता. आजोबांनी डॉक्टरांची नवी चिठ्ठी आणून दाखवली तेव्हा तीन ठरले.

मला वाटलं होतं, हे वाचून कोण येणार? काल संध्याकाळी मी माझ्या वह्या घेऊन गेले तर फळीवर नऊ पुस्तकं होती. वकीलबाईचे वडील नव्या शिडीवर उभे राहून पुठ्ठे खाली देत होते, आजोबा कुठला नको नि कुठला हवा ते सांगत होते. वडील तोच काढून देत होते.

तेवढ्यात एक बाई आल्या. हातात पाठीतून फुटलेला भलामोठा शब्दकोश. आजोबा म्हणाले, जाडाला तीन महिने लागतील, बाहेर लिहिलंय. त्या म्हणाल्या, ते वाचूनच आत आले, ठेवून गेले तर चालेल का? आजोबांनी विचारलं, पुढच्या चौकात लगेच होईल, इथे कशाला अडकवून ठेवता?

त्या म्हणाल्या, "तिथले मला आठवडाभरापासून 'उद्या या' सांगतायत. तुमच्या दारावर निदान खरी मुदत आहे."

आजोबांनी पावतीपुस्तक ओढलं आणि डाव्या हाताने, सावकाश, एकेक आकडा काढत तारीख लिहिली. बाईंच्या हातात देण्याआधी पावती नातीकडे सरकवली. वकीलबाईने ती दोनदा वाचली आणि मान हलवली.

तुझी भाची